उन्हाळा लागला की बिल तीनशे युनिटच्या वर: सोलापूरच्या घरात युनिट जातात कुठे?

दरवर्षी होळी झाली की आपल्याकडे तेच सुरू होतं. डिसेंबर-जानेवारीत शंभर-सव्वाशे युनिटवर असलेलं घर एप्रिलमध्ये साडेतीनशेवर जातं, पैसे दुप्पट नाही तर तिप्पट-चौपट होतात आणि सगळा संशय मीटरवर जातो. मी या शहरात घरगुती वायरिंगची आणि मोटरींची कामं करतो. विडी घरकुलपासून जुळे सोलापूरपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं, "अण्णा, मीटर लई पळलालंय बगा." पळणारं मीटर बहुतेक वेळा बरोबरच असतं. घरात कुठेतरी वीज जाते आहे आणि ती जागा ठरावीक पाच-सहा ठिकाणांपैकीच असते. रविवारची एक सकाळ दिलीत तर ती तुमची तुम्हाला सापडेल. नवीन काहीही विकत घेण्याआधी हे करा. महागडा एसी किंवा नवा फ्रिज आणूनही ज्यांचं बिल उतरलं नाही, अशी घरं मी बघितली आहेत आणि लोकांचे कष्टाचे पैसे असे गेले की वाईट वाटतं.

आधी बिल नीट वाचा

बिलावरची एकूण रक्कम बाजूला ठेवा. चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि एकूण वापर, हे तीन आकडे बघा. बिलावरचं चालू रीडिंग आणि मीटरवर आज दिसणारा आकडा यांचा मेळ बसतो का ते पडताळा. रीडिंग न घेता सरासरीवर बिल आलं असेल तर बिलावर तसं लिहिलेलं असतं. दोन-तीन महिने सरासरी लागली आणि मग एकदम खरं रीडिंग आलं की सगळा वापर एका महिन्यात आल्यासारखा दिसतो. अशा वेळी तो वापर तितक्या महिन्यांत विभागून स्लॅबचा, म्हणजे दराच्या टप्प्यांचा, फायदा मिळायला हवा. बिलात तो दिसत नसेल तर मीटरचा फोटो आणि मागची बिलं जोडून लेखी अर्ज करा. तोंडी सांगून हे काम होत नाही.

आता स्लॅब. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आहेत: पहिले १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५०० आणि त्यापुढचे. दर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या आदेशाने बदलत राहतात, म्हणून तुमच्या बिलावरचेच बघा. पण त्यांची उतरंड तीच राहिली आहे. दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून जास्त आणि तिसऱ्याचा जवळजवळ तिप्पट. शिवाय वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा), स्थिर आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुमचा वापर ३४० असेल तर शेवटचे ४० युनिट सर्वांत महाग पडले. बचत करता तेव्हा आधी हेच महाग युनिट कमी होतात. म्हणून "दहा टक्के वीज वाचवली तर दहा टक्के पैसे वाचतील" हा हिशेब आपल्याकडे लागू पडत नाही. ३४० चे २९० केलेत तर वीज पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी होते आणि बिल त्याहून जास्त उतरतं. हा सगळा खटाटोप त्या वरच्या पन्नास-साठ युनिटांसाठी आहे.

बिलाच्या एका कोपऱ्यात मागच्या महिन्यांच्या वापराचे उभे पट्टे छापलेले असतात. ते जरूर बघा. पट्टे मार्चपासून हळूहळू चढत मे महिन्यात टोकाला जात असतील तर कारण उष्णता आहे. एखाद्या महिन्यात अचानक उडी असेल आणि त्यानंतर थंडीतही पट्टा खाली आला नसेल, तर कारण दुसरं आहे. गळती, बिघडलेलं यंत्र किंवा कोणाची तरी लाइन तुमच्यावर.

मीटरच्या लाल दिव्याची परीक्षा

मीटरवर एक लाल दिवा सतत लुकलुकत असतो. त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. एका युनिटला दिवा तितक्या वेळा लुकलुकतो, असा त्याचा अर्थ. आता घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिजची आणि इन्व्हर्टरची पिन काढा, पण मेन चालूच ठेवा. दिवा थांबला पाहिजे. नाहीच थांबला तर मोबाइलवर एक मिनिट लावून मोजा. ३२०० चं मीटर असेल तर मिनिटाला जितक्या वेळा लुकलुकला त्या आकड्याला १९ ने गुणा, साधारण तितके वॉट कुठेतरी चालू आहेत. मिनिटाला १६ म्हणजे तीनशे वॉट, म्हणजे दिवसाला सात युनिट, म्हणजे महिन्याला दोनशेच्या वर. १६०० चं मीटर असेल तर उत्तर दुप्पट करा.

मग बोर्डातल्या एमसीबी, म्हणजे प्रत्येक लाइनचे खटके, एकेक करून खाली पाडा. ज्या एमसीबीला दिवा थांबतो, त्या लाइनवर गोंधळ आहे.

साखर पेठेतल्या एका जुन्या घरात हेच केलं होतं. सगळं बंद, तरी दिवा सावकाश लुकलुकतोय आणि मीटरवरचा अर्थचा दिवाही (वीज जमिनीत जात असल्याची खूण) लागलेला. बाथरूमची लाइन पाडली की दोन्ही शांत. गीझर उघडला तेव्हा कॉइलवर बोटाएवढा क्षाराचा थर होता आणि थराखाली कॉइलच्या नळीला चीर गेली होती. त्यातून करंट पाण्यात आणि तिथून अर्थिंगला. बटण बंद असूनही हे चाललं होतं, कारण वायरिंग करणाऱ्याने बटण फेजवर (करंट आणणाऱ्या तारेवर) न घेता न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) घेतलं होतं. गीझर बंद दिसायचा, पण आत फेज उभाच. आताची मीटरं फेज आणि न्यूट्रल दोन्हीतला करंट बघतात आणि जो जास्त तो धरतात, त्यामुळे अर्थमध्ये जाणारी वीजही बिलात येते. बिलापेक्षा मोठी गोष्ट ही, की त्या घरात लहान मुलं रोज त्याच नळाखाली अंघोळ करत होती. तुमच्या बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन आपोआप तोडणारा स्विच, नसेल तर या लेखातलं बाकी काही केलं नाही तरी चालेल, तेवढं मात्र बसवून घ्या. आणि अशी गळती सापडली तर स्वतः उघडू नका, परवानाधारक वायरमन बोलवा.

जुन्या पेठांमधून आणखी एक प्रकार नेहमी सापडतो. भावाभावांच्या वाटण्या होतात, मीटर वेगळे होतात, वायरिंग मात्र तसंच राहतं. थोरल्याच्या गच्चीवरची मोटर धाकट्याच्या मीटरवर, जिन्यातला दिवा भलत्याच्याच. कोणाच्या मनात काही नसतं, पण वर्षानुवर्षं एकजण भरत राहतो. दोघांनी समोर उभं राहून एकमेकांचं मेन बंद करून बघावं. भांडणाआधी पाच मिनिटांची ही परीक्षा करा, नंतर लाइन वेगळी करायला फार खर्च येत नाही.

पाण्याची मोटर: सोलापूरचं खास दुखणं

आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. त्यामुळे घरोघरी जमिनीत हौद, गच्चीवर टाकी आणि मधे मोटर. एक एचपीची मोटर तासभर चालली की साधारण एक युनिट. घरातल्या माणसांना खरोखर लागणारं पाणी वर चढवायला अर्धा-पाऊण तास पुरतो, तोही रोज लागत नाही. ती रोज दीड तास चालत असेल तर महिन्याला पंचेचाळीस युनिट गेले आणि त्यातले निम्म्याहून जास्त फुकट.

पहिलं, टाकीतलं पाणी गुपचूप जातंय का बघा. बहुतेक वेळा दोष कमोडच्या फ्लशच्या टाकीत असतो. रात्री झोपताना फ्लशच्या टाकीत कपड्याची नीळ थोडी टाका आणि कोणी फ्लश करू नका. सकाळी भांड्यात निळं पाणी उतरलेलं दिसलं की वॉशर गेला आहे. तीस-चाळीस रुपयांचा वॉशर, पण रात्रभर वरची टाकी रिकामी करतो, मग सकाळी मोटर. पाणीही गेलं आणि वीजही. चार दिवसांनी येणारं पाणी असं वाहून जावं, याची मला विजेपेक्षा जास्त हळहळ वाटते.

दुसरं, फूट वॉल्व, म्हणजे हौदातल्या पाइपच्या तळाची, पाणी परत उतरू न देणारी झडप. मोटर लावल्यावर लगेच पाणी चढत नाही, दरवेळी वरून पाणी ओतून प्रायमिंग करावं लागतं, हे त्याचं लक्षण. वॉल्वमध्ये खडा किंवा शेवाळ अडकलेलं असतं आणि पाइपमधलं पाणी परत हौदात उतरतं. मोटर पाच-दहा मिनिटं कोरडी फिरते. तिचं सीलही जातं आणि मग दोन महिन्यांनी रिवाइंडिंगचा खर्च येतो.

तिसरं, मोटर गुणगुणते पण उचलत नाही, हाताने ढकलली की सुरू होते. तिथे कंडेन्सर गेला. शंभर-दोनशे रुपयांत बदलून मिळतो. तसंच दामटलं तर वाइंडिंग जळतं. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरतं तेव्हा मोटर जास्त करंट ओढते आणि पाणी कमी देते, म्हणून जमेल तेव्हा सकाळी लवकर चढवा. टाकीत तरंगता स्विच बसवला की वाहून जाण्याचा प्रश्न मिटतो. आणि नळाच्या लाइनला थेट मोटर लावू नका. कायद्याने बंदी आहे, शेजाऱ्याच्या तोंडचं पाणी जातं आणि नळाला दाब नसेल तेव्हा ती मोटर नुसती हवा ओढत युनिट जाळते.

छत: इथे थांबा, कारण खरं कारण इथे आहे

बिलावरचे पट्टे मार्चपासून हळूहळू चढत असतील तर आधी गच्चीवर जा. पारा ४२-४३ वर असतो तेव्हा दुपारी तीन वाजता अनवाणी पाय ठेवून बघा, ठेववणार नाही. पाच-सहा इंची आरसीसी स्लॅब सकाळपासून हे ऊन पीत असतो. काँक्रीटमधून उष्णता सावकाश खाली उतरते, म्हणून खालून स्लॅब सर्वांत जास्त तापतो तो संध्याकाळनंतर. बाहेर रात्री दहा वाजता वारा सुटलेला असतो, लोक अंगणात बाज टाकून बसलेले असतात आणि घरात मात्र पंखा गरम हवा फेकतो. तो पंख्याचा दोष नाही. पंखा हवा थंड करत नाही, फिरवतो. छताला चिकटलेली गरम हवा तो तुमच्या अंगावर आणतो. मग कुलर, मग एसी आणि तो एसी पहाटेपर्यंत स्लॅबमधली दुपार बाहेर काढत बसतो.

म्हणून कुलर-एसीच्या आधी स्लॅबला ऊन लागू न देणं, यावर माझा सगळा भर असतो. मार्ग बरेच आहेत, सर्वांत स्वस्त चुना.

कळीचा चुना आणा, लोखंडी पिंपात रात्रभर भिजवा. पाणी टाकताना तो उकळतो आणि उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे, मुलांना लांब ठेवा. सकाळी जुन्या धोतराच्या नाहीतर साडीच्या कापडातून गाळा, खडे राहिले तर थर पापुद्र्यासारखा सुटतो. त्यात पातळ फेविकॉल मिसळा, त्याने चुना धरून राहतो. गच्ची आदल्या दिवशी खराट्याने घासून, शेवाळ आणि माती काढून घ्या. सकाळी उजाडताच, स्लॅब थंड असताना, हलका ओला करून कुंच्याने पहिला हात द्या. वाळला की दुसरा हात आडवा द्या. तापलेल्या गच्चीवर चुना मारलात तर पाणी तिथल्या तिथे उडून जातं आणि आठवड्यात पांढरी पूड पायाला लागते.

पांढरी गच्ची निम्म्याहून जास्त ऊन परत फेकते. खालच्या खोलीत साधारण दोन ते पाच अंशांचा फरक पडतो, घराची ठेवण जशी असेल तसा. ऐकायला आकडा छोटा वाटतो, पण झोपायच्या खोलीत ३५ आणि ३२ यांत मोठं अंतर आहे. चुना पावसात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो. गुढीपाडव्याच्या आधी हे काम उरकलं की पुढचे अडीच महिने त्याचा फायदा. आपल्याकडे धूळ फार, म्हणून मधे एकदा झाडून, पुसून घेतलीत तर पांढरेपणा टिकतो. मळलेली पांढरी गच्ची अर्धं काम करते.

चुना दरवर्षी नको असेल तर ऊन परावर्तित करणारा बाहेरच्या गच्चीचा पांढरा रंग मिळतो. महाग पडतो, पण काही वर्षं टिकतो. नवीन बांधकाम किंवा वॉटरप्रूफिंग करायचंच असेल तर वरून पांढऱ्या तुकड्यांची चायना मोझेक लावून घ्या. गळती आणि ऊन, दोन्हींचा बंदोबस्त एकाच खर्चात होतो. गच्ची गळत असेल तर आधी गळती, मग रंग.

हे काही माझं खूळ नाही. शेजारच्या तेलंगणाने २०२३ साली छतं थंड ठेवण्यासाठी स्वतंत्र धोरण आणलं. आपल्या पूर्व भागातल्या कित्येक घरांचे पाहुणे तिकडचेच आहेत, त्यांना विचारून बघा. अहमदाबादेतही वस्त्यांमधल्या छतांना पांढरा रंग देण्याचं काम झालं आहे. सोलापूरचं ऊन या दोन्हींपेक्षा सौम्य नाही.

पत्र्याच्या घराची गोष्ट वेगळी. पत्रा ताबडतोब तापतो आणि सूर्य मावळला की लवकर निवतो. म्हणजे रात्रीपेक्षा दुपार मारते आणि दुपारी घरात बसून विड्या वळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायकांना ती सोसावी लागते. पत्र्यावर चुना टिकत नाही, पांढरा परावर्तक रंगच द्या. त्याखाली एक-दीड वीत अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या किंवा फॉल्स सीलिंगचे तक्ते लावा आणि मधली हवा दोन्ही टोकांनी निघून जाईल अशी फट ठेवा. फट बंद केली तर गरम हवा तिथेच कोंडते. पूर्वी गावाकडे पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या टाकायचे. त्याने गारवा येतो यात शंका नाही, पण शहरात दाटीच्या वस्तीत आणि वरून विजेच्या तारा असताना ते करू नका. एक ठिणगी पुरते.

स्लॅबवर पाणी मारण्याचं मी सुचवत नाही. संध्याकाळी पाइप धरला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण आपल्याकडे पाणी इतकं आहे का? आणि रोज भिजणारा स्लॅब चिरांमधून झिरपायला लागतो.

छतानंतर पश्चिमेची भिंत आणि खिडकी. आतून जाड पडदा लावल्याने उजेड अडतो, ऊन काचेतून आत येऊन गेलेलंच असतं. ऊन बाहेरच अडवा. खिडकीबाहेर वीतभर अंतरावर हिरवी शेड नेट, तट्टी किंवा वाळ्याचा पडदा. सकाळी नऊच्या आत खिडक्या लावून घ्या, रात्री बाहेरची हवा निवली की समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा. एवढ्याने कुलरचे दोन-तीन तास कमी होतात.

कुलर दरवर्षी "थंडच करत नाही"

सोलापूरचा एप्रिल-मे कोरडा असतो आणि कुलरला कोरडीच हवा लागते. त्या दोन-तीन महिन्यांत आपल्याइथे कुलर एसीच्या जवळ जाणारं काम दोनशे वॉटमध्ये करतो. तरी तो गार करत नसेल तर पहिला प्रश्न: खिडकी उघडी आहे का? कुलर खोलीच्या आत ठेवून दारं-खिडक्या लावून घेणारे फार आहेत. कुलरने बाहेरची हवा ओढली पाहिजे आणि ओलसर हवा दुसरीकडून बाहेर गेली पाहिजे. कोंडली तर तासाभरात चिकचिक होते आणि गारवा संपतो.

दुसरं, गवत. बोअरचं जड पाणी वापरलं की महिन्याभरात त्यावर पांढरे खडे धरतात, हवा जाईनाशी होते, पंखा घरघरतो. गवत दर हंगामाला बदला. हनीकोंब पॅड असेल तर लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर भिजवून धुवा. टाकीतलं पाणी नुसतं भरत राहिलात तर क्षार साठत जातो, म्हणून आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कोरडी करा. डेंग्यूचे डासही त्याच पाण्यात वाढतात. आणि जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की कुलरचा पंप बंद. दमट हवेत तो फक्त घाम वाढवतो.

कुलर आणि एसी एकाच खोलीत एकदम लावू नका. कुलर पाणी हवेत टाकतो, एसी तेच पाणी काढण्यात वीज घालवतो.

एसी असेलच तर २६ वर ठेवा आणि वर पंखा लावा. तापमान एक अंश वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं. दीड टनी एसी तासाला एक ते दीड युनिट घेतो, आठ तासांचे महिन्याला अडीचशे-तीनशे युनिट होतात. म्हणजे तो एकटाच तुम्हाला वरच्या स्लॅबमध्ये नेऊन बसवतो. जाळी दर पंधरवड्याला धुवा, बाहेरच्या युनिटवर पश्चिमेचं ऊन पडत असेल तर वर सावली करा, पण त्याची हवा अडवू नका.

पंखे आणि फ्रिज

जुना छताचा पंखा ७५ वॉटचा. उन्हाळ्यात १८ तास धरले तर महिन्याला ४० युनिट. तीन पंखे असले की पहिला स्वस्त स्लॅब पंख्यांनीच संपवला. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) पंखा तेवढीच हवा ३० वॉटच्या आसपास देतो, एका पंख्यामागे महिन्याला चोवीसेक युनिट वाचतात. अडीच-तीन हजार रुपये जातात, म्हणून सगळे एकदम बदलायची गरज नाही. जो सर्वांत जास्त चालतो, बहुधा आई-वडिलांच्या खोलीतला किंवा माजघरातला, तो आधी. या पंख्याला जुना रेग्युलेटर चालत नाही, लाइन सरळ द्यायची. आणि चांगला पंखा नुसता मंद झाला असेल तर तो फेकू नका, कंडेन्सर बदला.

फ्रिज मात्र दिवसरात्र चालू, त्यामुळे त्याच्यात बिघाड असला तर बिल थंडीतही खाली येत नाही. दारात दहाची नोट अडकवून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर रबर गेलं. मागच्या भिंतीपासून वीतभर अंतर हवं. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला चिकटवून, शेजारी गॅसची शेगडी, अशी मांडणी आपल्या लहान स्वयंपाकघरांत नेहमी दिसते. जागा बदलण्याला पैसे लागत नाहीत. फ्रिजजवळ कान देऊन ऐका. कॉम्प्रेसर मधूनमधून थांबायला हवा. रात्रीसुद्धा कधीच थांबत नसेल तर गॅस किंवा थर्मोस्टॅटचं काम आहे. नवा घ्यायचा झाल्यास ताऱ्यांसोबत लेबलवरचा वर्षाचा युनिटांचा आकडा वाचा, दोन फ्रिजमधला खरा फरक तिथे कळतो.

गीझर उन्हाळ्यात बंदच असतो. थंडीत अंघोळीआधी दहा-पंधरा मिनिटं लावून बंद करा, दिवसभर चालू ठेवू नका, आणि दोन वर्षांतून एकदा कॉइलचा क्षार काढून घ्या.

सोलर कधी

"आहेरवाडीला एवढा १३२० मेगावॉटचा प्रकल्प असून आपल्याला वीज महाग का," असं लोक मला विचारतात. ती वीज ग्रिडमध्ये जाते, जवळ राहणाऱ्याला वेगळा दर नसतो. स्वतःच्या गच्चीवरची वीज मात्र थेट तुमच्या बिलातून वजा होते. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. त्यात दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा जास्तीला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. आपल्या उन्हात एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो असं धरा.

पण क्रम लक्षात ठेवा. आधी गळती, मोटर, छत, पंखे. मग वर्षाचा खरा वापर काढा आणि तेवढ्याचंच सोलर बसवा. गळक्या घरावर तीन किलोवॉट बसवण्यापेक्षा दुरुस्त घरावर दोन किलोवॉट स्वस्त पडतात. पॅनेल गच्चीपासून उंच उचलून बसवा, म्हणजे खाली वारा खेळतो आणि स्लॅबवर सावलीही पडते. धूळ पंधरवड्याला पुसावी लागते, पण भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका, सकाळी धुवा.

टीओडी मीटर, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारं मीटर, बसलं असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला सवलत आहे. वॉशिंग मशीन, इस्त्री त्या वेळेत घ्या, आणि अशा घरात पाण्याची मोटरही सकाळी लवकर न लावता नऊनंतर लावा.

एवढं करूनही जुळलं नाही तर

लाल दिव्याची परीक्षा झाली, सगळं बंद असताना दिवा थांबतो, मोटर-फ्रिज ठीक, तरी बिल न पटणारं येतं, अशा वेळी मीटर तपासणीचा अर्ज करा. त्याआधी आठ दिवस रोज एकाच वेळी मीटरचा आकडा वहीत लिहा आणि फोटो काढा, शेजारी त्या दिवशी काय काय किती तास चाललं तेही लिहा. अर्जासोबत ही पानं, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचं बिल आणि आत्ताचं बिल जोडा, पोच घ्या. पोच नसेल तर पुढे तक्रार निवारण मंचाकडे जाताना हातात काही राहत नाही. तपासणीच्या वेळी घरात हजर राहा आणि अहवालाची प्रत मागून घ्या.

भाड्याने राहत असाल आणि सबमीटर असेल तर दोन्ही मीटरचे फोटो महिन्याच्या एकाच तारखेला काढा. मालकाच्या मेन मीटरवर वरचा स्लॅब लागतो आणि तोच दर तुमच्या ऐंशी युनिटांना लावला जातो, हे अनेक ठिकाणी चालतं. भाडं ठरवतानाच विचारा, दर कोणता लावणार ते कागदावर घ्या. गच्चीला चुना मारायचा विषयही तेव्हाच काढा. सामान तुमचं आणि मजुरी मालकाची, असं ठरलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे.